दुकानातली तक्रार 'शिफ्ट बदलून द्या' म्हणून येते. पुढे नेमकं काय करायचं?

शेवाळी (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ११:५० (नंतर संपादित)

गेली अकरा वर्षं मी कपड्यांच्या मोठ्या दुकानांत काम करते आहे. सेल्समध्ये लागले, आता लेडीज सेक्शनची फ्लोअर सुपरवायझर आहे. हाताखाली चौदा मुली, बहुतेक विशी-बाविशीतल्या. घरात पहिल्यांदा पगार आणणाऱ्या.

त्यातल्या एकीने डिसेंबरात मला विचारलं, "ताई, माझी क्लोजिंग बदलून ओपनिंग देता का?" कारण विचारलं तर म्हणाली, क्लास लावलाय. सेल तोंडावर, क्लोजिंगला आधीच माणसं कमी. मी नाही म्हटलं. आठवड्याने तिने पुन्हा विचारलं. या वेळी कारण आईची तब्येत. मी पुन्हा नाही म्हटलं, आणि मनात म्हटलं, हिला काम नको आहे.

त्याच दिवसांत बॅक स्टोअरच्या दाराला कुणीतरी कार्टन लावून ठेवायला लागलं. ते दार आपोआप बंद होतं आणि बंदच ठेवायचं असा नियम आहे, माल जातो म्हणून. दोनदा मी ते कार्टन पायाने सरकवलं. तिसऱ्यांदा ती तिथेच होती. सगळ्यांसमोर तिला बोलले. तिने कार्टन उचललं आणि बाहेरच उभी राहिली. आत जाईना. मी म्हटलं, "अगं, साइज आणायचाय ना? कस्टमर थांबलंय." तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही चला ना सोबत."

आत असिस्टंट स्टोअर मॅनेजर होता. स्टॉक मोजत होता. मला बघून म्हणाला, "अरे, मॅडम तुम्ही?"

त्या रात्री दुकान बंद झाल्यावर तिने बसस्टॉपवर मला सगळं सांगितलं. ऑक्टोबरपासून चाललं होतं. आधी रात्रीचे मेसेज, मग मोजणीच्या निमित्ताने आत बोलावणं, कमरेला हात, वाट अडवून उभं राहणं. नको म्हटल्यावर तीन रविवार वीकली ऑफ गेला. एक मेसेज मी स्वतः वाचला: 'रोस्टर कोण बनवतं ते विसरू नकोस.'

दुसऱ्या दिवशी मी स्टोअर मॅनेजरकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, सेल होऊ द्या. तिला आपण दुसऱ्या ब्रँचला टाकू, विषय संपेल." ती ब्रँच तिच्या घरापासून दोन बस बदलून आहे. पँट्रीत पाण्याच्या मशीनशेजारी लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीचा कागद लावलेला आहे, त्यावरच्या नंबरला फोन केला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, त्यांनी आठ महिन्यांपूर्वीच कंपनी सोडली.

मला कायदा नीट माहीत नाही. चुकीचं पाऊल टाकून तिचं नुकसान करायचं नाही. कुणी या कामातलं असेल तर सांगा. आणि ते कार्टन मी दोनदा सरकवलं, तिसऱ्यांदा तिलाच उचलायला लावलं, हे डोक्यातून जात नाही.

---

ओसरी | मंगळवार, सकाळी ७:२०

शेवाळी, मी नऊ वर्षं वेगवेगळ्या कंपन्यांच्या समित्यांवर बाह्य सदस्य आहे. त्यातल्या तीन दुकानांच्या साखळ्या. सविस्तर लिहिते, पण त्याआधी एक करा. तुमच्या पोस्टमध्ये मॉलचा परिसर आणि त्या माणसाची आधीची ब्रँच लिहिली आहे, ती दोन वाक्यं लगेच काढा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, त्याच्या कलम १६ नुसार तक्रारदार, ज्याच्यावर तक्रार आहे तो, साक्षीदार आणि चौकशीतला मजकूर यातलं काहीच बाहेर जाऊ द्यायचं नसतं. ही काळजी तिच्यासाठी आहेच, पण उद्या समोरचा 'माझी बदनामी केली' म्हणून मूळ विषय बाजूला ढकलू शकतो, त्यासाठीही आहे.

आता मूळ मुद्दा. तुम्ही चौकशी करायची नाही. ते समितीचं काम. त्याला बोलावून जाब विचारू नका. दोघांना समोरासमोर तर मुळीच बसवू नका. मी पाहिलेली निम्मी प्रकरणं इथेच बिघडली. सुपरवायझर चांगल्या मनाने 'मी बोलते त्याच्याशी' म्हणते, संध्याकाळपर्यंत त्याच्या फोनमधलं सगळं डिलीट झालेलं असतं.

तक्रार लेखी हवी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. एकामागून एक घटना असतील तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने मोजतात. उशिराचं कारण पटलं तर समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते, त्यापुढे नाही. तिची शेवटची घटना ताजी आहे, म्हणजे ऑक्टोबरचे मेसेजही त्या साखळीत येतात. पण 'सेल होऊ द्या' हे वाक्य ऐकत बसू नका. सेलनंतर स्टॉक टेक येतो, मग मार्च एंड, आणि मुदत कधी गेली हे कळतही नाही.

तक्रार मराठीत चालते. तिच्या शब्दांत, तारीख, जागा, काय झालं, कोण जवळपास होतं. 'गैरवर्तन केलं' असं मोघम लिहू नका. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे, उपकार नव्हे. सोबत मेसेजचे स्क्रीनशॉट, पण मूळ चॅट फोनमध्ये तसंच राहू द्यायचं. आणि प्रती सहा.

सगळ्यात महत्त्वाचं: तिची बदली. चौकशी चालू असताना तिची किंवा त्याची बदली करता येते, तिला तिच्या हक्काच्या रजेशिवाय तीन महिन्यांपर्यंत जादा रजाही देता येते. पण यातलं प्रत्येक पाऊल *तिच्या लेखी विनंतीवरून*, समितीच्या शिफारशीने. तिने मागितलेलं नसताना तिला दोन बसच्या अंतरावर पाठवणं म्हणजे तक्रार केल्याची शिक्षा. ते होऊ देऊ नका. तिने लिहून मागावं की चौकशी होईपर्यंत तिचं रोस्टर आणि कामाचं मूल्यमापन त्या माणसाकडे नको. मूल्यमापनाबद्दल तर नियमांत स्पष्ट तरतूद आहे.

---

कॅमेरा४ | मंगळवार, सकाळी ९:०५

मी लॉस प्रिव्हेन्शनमध्ये, म्हणजे दुकानातली चोरी-नुकसान रोखणाऱ्या विभागात आहे. ओसरीताईंनी सगळं बरोबर सांगितलं, पण एक गोष्ट आज दुपारच्या आत करा. फुटेज.

दुकानातले कॅमेरे सगळं कायम साठवत नाहीत. डिस्क भरली की जुन्यावर नवीन चढतं. आमच्याकडे पंधरा दिवसांत जातं, काही ठिकाणी महिनाभर टिकतं. आणि बहुतेक बॅक स्टोअरमध्ये आतल्या रॅकच्या गल्ल्यांत कॅमेरा नसतो, दारावर असतो. लोक म्हणतात, आतलं दिसत नाही मग काय उपयोग? उपयोग आहे. कोण किती वाजता आत गेलं, किती वेळाने बाहेर आलं, दोघंच होते का, ती बाहेर पळत आली का, हे दाराचा कॅमेरा सांगतो. मोजणी दहा मिनिटांची आणि दोघं चाळीस मिनिटं आत, हा प्रश्न त्याला कुणीतरी विचारलाच पाहिजे.

तुम्ही स्वतः फुटेज काढू नका, मोबाइलवर शूटही करू नका. स्टोअर मॅनेजर आणि एचआर दोघांना एकच मेल टाका: अमुक तारखा, अमुक वेळा, बॅक स्टोअर दार आणि पॅसेज, हे फुटेज जपून ठेवावं, समितीला लागणार आहे. मेल गेला की नंतर 'आपोआप डिलीट झालं' म्हणायला जागा राहत नाही. सोबत त्या दिवसांचं रोस्टर आणि अटेंडन्सचं मशीन. तीन रविवार ऑफ गेला म्हणता ना, ते रोस्टरमध्ये छापलेलं आहे. कुणी काहीही म्हणो, तो कागद बोलतो.

एका केसमध्ये आमच्याकडे मुलीचं म्हणणं सोळाव्या दिवशी माझ्यापर्यंत आलं. एक दिवस. त्यानंतर मी आमच्या सगळ्या सुपरवायझर्सना सांगून ठेवलंय: कारण सांगू नका, नाव सांगू नका, फक्त तारीख सांगा, मी फुटेज बाजूला काढून ठेवतो.

---

वाटसरू_नाशिक | मंगळवार, दुपारी २:१५

मी दुकानांच्या एका साखळीत एचआर बघतो. शेवाळीताई, तुमच्या पँट्रीतल्या कागदाबद्दल वाचून वाईट वाटलं, आश्चर्य वाटलं नाही. आमची राज्यात चाळीसेक दुकानं आहेत आणि समिती एक, मुंबईच्या ऑफिसात. चूक आहे हे मी आतूनही सांगत आलोय.

पण खाली काय अडचण येते तेही लिहितो. एका दुकानात पंधरा-वीस माणसं. त्यातली सगळ्यात वरिष्ठ बाई म्हणजे चोवीस वर्षांची हेड कॅशियर. तिला अध्यक्ष करायचं, आणि तक्रार ज्या मॅनेजरविरुद्ध तोच तिचं अप्रेझल भरणार. ती कशी निकाल देणार? म्हणून सगळं मुंबईला नेतात. मग मुलीला सुनावणीला यायचं तर एक दिवसाचा पगार, रात्रीची गाडी, घरी काय सांगायचं हा प्रश्न. दोन मुलींनी माझ्यासमोर तक्रार मागे घेतली, कारण तिकीट.

---

ओसरी | मंगळवार, दुपारी ४:४०

वाटसरू, प्रामाणिकपणे लिहिलंत, बरं वाटलं. पण या अडचणीचं उत्तर कायद्यातच आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर प्रत्येक ऑफिस, प्रत्येक शाखेत समिती हवी. त्या शाखेत वरिष्ठ महिला नसेल तर त्याच मालकाच्या दुसऱ्या शाखेतून अध्यक्ष आणता येते. म्हणजे नाशिकच्या दुकानासाठी ठाण्याच्या वरिष्ठ बाई अध्यक्ष, सदस्य स्थानिक, बाहेरची सदस्य नाशिकमधल्याच एखाद्या संस्थेची. किमान निम्म्या महिला. प्रवास अध्यक्षांनी करायचा, मुलीने नाही.

समितीच नेमली नाही तर मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, पुन्हा तीच चूक केली तर दुप्पट, आणि परवाना रद्द होण्यापर्यंत जाऊ शकतं. शिवाय जुलै २०२५ पासून कंपन्यांना संचालक मंडळाच्या अहवालात वर्षात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, नव्वद दिवसांवर किती रखडल्या हे आकडे द्यावे लागतात. साहेबांना कायद्यापेक्षा हा कागद लवकर समजतो, तो पुढे करा.

---

स्पष्टवक्ता७१ | मंगळवार, रात्री ९:३०

विरोधासाठी नाही, काळजीने लिहितो. तीस वर्षं दुकानदारी पाहिली. टार्गेट असतं, मॅनेजर ओरडतो, उशिरा आलं तर ऑफ कापतो. उद्या रागावलेल्या मुलीने तक्रार केली तर त्या माणसाचं काय? त्यालाही घर आहे. माझ्या ओळखीच्या एका चांगल्या मॅनेजरने तर मुलींशी बोलणंच सोडलं. नुसत्या शब्दावर कुणाला काढून टाकायचं का?

---

ओसरी | मंगळवार, रात्री १०:५५

काका, नुसत्या शब्दावर कुणालाच काढत नाहीत, म्हणून तर समिती असते. त्याला सात कामकाजाच्या दिवसांत तक्रारीची प्रत मिळते, उत्तराला दहा कामकाजाचे दिवस मिळतात, त्याचे साक्षीदार, त्याची कागदपत्रं समिती पाहते. वकील दोघांनाही नाही. चौकशीला नव्वद दिवस. निर्णय पटला नाही तर नव्वद दिवसांत अपील. ओरडणं आणि कमरेला हात यातला फरक समितीला कळतो.

खोटी तक्रार मुद्दाम, वाईट हेतूने केली हे चौकशीत सिद्ध झालं तर कारवाई आहे, कलम १४. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की पुरावा देता आला नाही एवढ्याने तक्रार खोटी ठरत नाही. बंद दारामागे पुरावा कुठून आणणार ती?

समोरच्याचं ऐकणं किती महत्त्वाचं आहे याचं उदाहरण गोव्यातलं आहे. गोवा विद्यापीठातल्या २००९ च्या तक्रारींत समितीने इतकी घाई केली, सुनावण्या इतक्या लागोपाठ घेतल्या, की मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. चौदा वर्षांनी पुन्हा चौकशी. यात ज्याच्यावर आरोप होता त्याचे हाल झालेच, पण तक्रार करणाऱ्या मुलींचं काय झालं असेल? न्यायालयाने त्याच निकालात देशभर समित्या नेमल्यात का ते तपासायला सांगितलं. म्हणून मी म्हणते, चौकशी नीट करणं हे मुलीच्याच बाजूचं काम आहे.

आणि तुमच्या त्या चांगल्या मॅनेजरना माझा निरोप द्या: मुलींशी बोलणं सोडू नका. बॅक स्टोअरचं दार उघडं ठेवा, रोस्टर एकट्याने बनवू नका, रात्री कामाचा मेसेज ग्रुपवर टाका. पुरे आहे.

---

काउंटरवरची | बुधवार, पहाटे १२:४०

पहिल्यांदाच लिहितेय. मी कॉस्मेटिक्सच्या काउंटरला उभी असते, पण दुकानाची नाही, ब्रँडचीही नाही. पगार एजन्सी देते. ऑफ-रोल म्हणतात आम्हाला. दुकानातल्या एका माणसाबद्दल मी सांगितलं तर दुकान म्हणालं, तुम्ही आमच्या स्टाफ नाही. ब्रँड म्हणाला, एजन्सीला सांगा. एजन्सीने दुसऱ्या दिवशी काउंटर बदललं, आणि त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला. माझ्यासारख्या मुलींची समिती कुठली?

---

ओसरी | बुधवार, सकाळी ६:५०

तुमचं उत्तर मी सगळ्यांच्या आधी लिहायला बसले.

कायद्यात 'कर्मचारी' म्हणजे कायम, तात्पुरती, रोजंदारीवरची, कंत्राटदारामार्फत आलेली, शिकाऊ, प्रोबेशनवरची, सगळ्या. मुख्य मालकाला माहीत असो नसो. ज्या दुकानात तुम्ही रोज दहा तास उभ्या राहता ते तुमचं कामाचं ठिकाण. माणूस त्या दुकानाचा, घटना त्या दुकानात, म्हणजे त्या दुकानाच्या समितीने तुमची तक्रार घ्यायलाच हवी. 'आमच्या स्टाफ नाही' हे उत्तर चालत नाही.

उलटंही होतं. तुम्ही दुकानाच्या, आणि त्रास देणारा पुरवठादाराचा माणूस. तेव्हा कंपन्या म्हणायच्या, तो आमचा नाही, आम्ही चौकशी कशी करणार? डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की बाईच्या कामाच्या ठिकाणची समिती दुसऱ्या आस्थापनेतल्या माणसाविरुद्धची तक्रार ऐकू शकते. तिने त्याच्या ऑफिसचे उंबरे झिजवायचे नाहीत.

तारीख कळवा. तीन महिने झालेत का ते आधी बघू. मला व्यक्तिगत निरोप पाठवा, इथे काहीच लिहू नका. वकिलाचा खर्च मनात आणू नका, बाईला उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००.

---

दुकानदार_सातारा | बुधवार, दुपारी १:१०

माझं साड्यांचं दुकान, माणसं सहा. दहा नाहीत, म्हणून हा कायदा आपल्याला नाही असं समजत होतो. कालपासून हा धागा वाचतोय, दोन वेळा लिहिलं आणि पुसलं. आमच्याकडे घड्या घालणाऱ्या एका मुलीने माझ्या बायकोला माझ्या धाकट्या भावाबद्दल सांगितलंय. भाऊ दुकानात भागीदार आहे. आई म्हणते घरात ठेवा. मुलगी सोमवारपासून आलेली नाही. मी काय करायचं?

---

ओसरी | बुधवार, दुपारी ३:३५

दादा, तुम्ही पुसून पुन्हा लिहिलंत यातच निम्मं काम झालं.

कायदा सहा माणसांच्या दुकानालाही आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. भाऊ भागीदार, म्हणजे दोन्ही कारणं लागू. महिला व बालविकास किंवा समाजकल्याण खात्याच्या जिल्ह्यातल्या अधिकारी त्या समितीवर पदसिद्ध असतात, त्यामुळे त्या कार्यालयात विचारलं की पत्ता लागतो. तालुक्याला नोडल अधिकारीही असतात. त्यांनी तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते.

तुम्ही स्वतः तिच्या घरी जाऊ नका. घरच्यांसमोर दुकानाचा मालक आला की तिला बोलताच येणार नाही. वहिनींनी फोन करावा. तिचा पगार चालू आहे हे सांगावं, आणि समितीचा पत्ता द्यावा. 'परत ये, आम्ही बघून घेऊ' असं म्हणू नये. पैसे देऊन मिटवण्याचा विचार कुणी काढला तर थांबवा: समेट फक्त तिने मागितला तर होतो, आणि त्यात पैशाची देवघेव चालत नाही. भावाला काही दिवस दुकानापासून दूर ठेवणं तुमच्या हातात आहे.

---

भाजीकाउंटर | बुधवार, रात्री ८:००

सुपरमार्केटमध्ये वजन काट्यावर असते. आमचा त्रास स्टाफचा नाही, कस्टमरचा. एक माणूस रोज येतो, पावशेर मिरच्या घेतो, पिशवी देताना हात धरतो. गेल्या आठवड्यात फोटो काढला. मॅनेजर म्हणाले, "कस्टमर आहे, सांभाळून घे."

---

अनघड | बुधवार, रात्री ९:४५

भाजीकाउंटर, 'सांभाळून घे' हे मी चाळीस वर्षं ऐकतेय, आधी स्वतःसाठी, मग चळवळीत दुसऱ्यांसाठी. यावर मला बोलायचंय.

हा कायदा काचेच्या ऑफिसातल्या बायकांसाठी झाला असं बऱ्याच जणींना वाटतं. तो सुरू झाला राजस्थानातल्या भटेरी गावात. भंवरी देवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन होत्या, गावोगाव हिंडून काम करणाऱ्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ साली गावातल्या लोकांनी त्यांच्यावर सामूहिक बलात्कार केला. अत्याचार करणारे त्यांचे साहेब नव्हते, सहकारीही नव्हते. काम करताना भेटणारी माणसं होती. त्यातून महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल आला, कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखायची मार्गदर्शक तत्त्वं घालून देणारा. त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून आपल्या पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी पाठपुरावा केला, २०१२ मध्ये त्यावरही आदेश झाला. कायदा ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. तेव्हा काम करताना बाहेरचा माणूस त्रास देतो हा या कायद्यातला कोपऱ्यातला प्रश्न नाही, तिथूनच तो निघाला आहे.

मालकाच्या कर्तव्यांत लिहिलंय: त्रास देणारा कर्मचारी नसला तरी, बाईची इच्छा असेल तर, मालकाने त्याच्यावर फौजदारी कारवाई सुरू करायला लावायची. भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ त्यासाठी आहे. रोजचा कस्टमर म्हणजे बिल आहे, मोबाइल नंबर आहे, कॅमेरा आहे. मॅनेजरला ठरवायचं असेल तर तो माणूस दहा मिनिटांत सापडेल.

---

कॅमेरा४ | बुधवार, रात्री १०:१०

भाजीकाउंटर, फोटो काढल्याची तारीख आणि अंदाजे वेळ आजच मॅनेजरला मेल करा. बाकी वर लिहिलंय तेच.

---

शेवाळी (धागाकर्ती) | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ११:३०

सगळ्यांना सांगायचं होतं, पण ओसरीताईंनी सांगितल्याप्रमाणे जेवढं चालेल तेवढंच लिहिते.

मंगळवारी दुपारीच फुटेजचा मेल टाकला. स्टोअर मॅनेजर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिने तक्रार स्वतः लिहिली, माझ्या घरी, ओट्याशेजारच्या टेबलावर बसून. चार पानं. 'वाट अडवून उभे राहिले' हे वाक्य तिने तीन वेळा खोडलं, कारण त्या माणसाला 'राहिले' लिहायचं की 'राहिला' हे तिला ठरवता येत नव्हतं. शेवटी 'राहिला' लिहिलं.

समिती नव्याने नेमली गेली आहे, बाह्य सदस्य इथल्याच शहरातल्या. पहिली सुनावणी मॉलपासून दूर, त्यांच्या संस्थेच्या कार्यालयात झाली. दिवस कामाचा धरला, पगार कापला नाही. तिने लेखी मागितल्यावर चौकशीपुरता तोच दुसऱ्या ठिकाणी गेला, ती आपल्या सेक्शनलाच आहे. पोलिसांत जायचं का हे तिने अजून ठरवलेलं नाही. तो दरवाजा उघडा आहे आणि कधी जायचं ते तीच ठरवेल, एवढंच मी तिला सांगितलं.

आणखी एक झालं. रोस्टर आता मी आणि हेड कॅशियर मिळून करतो. क्लोजिंगला रात्री साडेनऊनंतर थांबायचं असेल तर मुलींची संमती आणि घरी पोहोचवायची सोय लागते, हे २०१७ च्या दुकाने अधिनियमात आहे हे मला या निमित्ताने कळलं. अकरा वर्षं मी त्यांना दहा वाजता रिक्षा शोधायला सोडत होते. गाडीसाठी अर्ज केला आहे, उत्तर आलेलं नाही.

पुढच्या गुरुवारी माझी साक्ष आहे. रात्री झोप येत नाही. माझ्यावर काही करतील का?

---

ओसरी | सोमवार, सकाळी ६:४०

करायचा प्रयत्न होऊ शकतो, म्हणून आजपासून एक वही ठेवा. कोण काय बोललं, कधी, कुणासमोर. रोस्टरमध्ये किंवा टार्गेटमध्ये अचानक बदल झाला तर त्याच दिवशी समितीच्या अध्यक्षांना मेल. साक्ष देताना पाहिलं तेवढंच सांगा, ऐकलेलं 'तिने मला सांगितलं' म्हणून सांगा. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा.

आणि कार्टनचंही सांगा. तीनही वेळा, तारखेसकट. तुम्हाला ते तुमच्या चुकीसारखं वाटतंय, पण ती दार उघडं ठेवण्यासाठी धडपडत होती हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली तुम्ही एकटी आहात.

---

शेवाळी (धागाकर्ती) | सोमवार, सकाळी ७:०५

दोन तारखा रोस्टरवरून काढल्या आहेत. तिसरी पक्की करायला हेड कॅशियरकडे जाते आहे, त्या दिवशी तिने दाराजवळच चिल्लर मोजली होती.